नंदीचे तोंड कोणीकडे?

वसईहून वाड्याला जाणारी एस.टी. सकाळी निघते आणि माणूस दुपारच्या जेवणाला वाड्यात असतो. वाटेत पाहण्यासारखे काही नाही, असे बहुतेक प्रवासी सांगतात आणि झोपी जातात. मला मात्र तो मार्ग दगडा-दगडाने पाहण्याचा योग आला. कारण मी तो एका ट्रॅक्टरच्या मागून केला, त्या ट्रॅक्टरच्या मागे एक ट्रॉली होती आणि परतीच्या वाटेवर त्या ट्रॉलीत नंदी होता. सायकलस्वार घंटी वाजवून आम्हांला मागे टाकीत. एक बैलगाडीवाला बराच वेळ आमच्या बरोबरीने चालला आणि अखेर कंटाळून पुढे निघून गेला. जे त्या प्रवासाला आले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. जे आले होते ते माझे म्हणणे तेव्हाही ऐकत नव्हते.

भुईगाव

आमच्या भुईगावातील शंकराच्या देवळातला जुना नंदी वादळात चिंचेचे झाड अंगावर पडून दुभंगला. भग्न मूर्तीचे यथाविधी विसर्जन झाले; परंतु नवी आणण्याविषयी गावाचे एकमत होईपर्यंत महादेव वर्षानुवर्षे एकटाच बसून राहिला. आमच्या शेजारच्या तुळसाबाई रोज दिवेलागणीला त्या नंदीच्या कानाशी लागून घरचे-दारचे सारे सांगत असत. नंदी भंगला त्या दिवशी त्यांनी भात सोडला. "तो परत बसंल तवा मी भाताला बसंन," एवढेच म्हणाल्या. वसईत भात सोडणे म्हणजे काय, हे बाहेरच्यांना चटकन उमगणार नाही. आमची भाकरी तांदळाची, वडे तांदळाचे, सणाचे पक्वान्न तांदळाचे. तुळसाबाई नाचणीवर राहिल्या. सत्तरी उलटली, अंग काटकीसारखे झाले, तरी पंगतीत भाताचे भांडे आले की त्या हसून पानावर हात आडवा धरीत.

अखेर वाड्याजवळच्या एका पाथरवटाकडे नंदी तयार झाला. वैशाख शुद्ध त्रयोदशीची सकाळ प्रतिष्ठेसाठी निघाली. ती हुकली असती, तर पुढे पाऊस आणि त्यापुढे चातुर्मास. म्हणजे दिवाळी होईपर्यंत तुळसाबाईंच्या पानावर नाचणीच. संस्कृत शिकवणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही असा गावाचा समज असल्यामुळे नंदी आणण्याचे काम माझ्याकडे आले.

भुईगावच्या गल्ल्या केळीच्या वाड्यांमधून अशा वळतात की लॉरी आत शिरली तर तिला तेथेच संसार थाटावा लागेल. म्हणून ट्रॅक्टर ठरला. तो तुळसाबाईंचा भाचा जनार्दन याचा. त्याला सारे जनू म्हणतात, राहणार जूचंद्रचा. ट्रॉली वटारच्या इनासने तयार केली होती. इनास वेल्डिंगचे काम करतो. त्याने एका मोडीत निघालेल्या लॉरीचा मागला अर्धा भाग जोडचाकांसकट कापून घेतला, पुढे लोखंडी दांडा जोडला आणि हे प्रकरण आता ट्रॅक्टरमागे जाईल असे जाहीर केले.

माझा स्वभाव असा की जे कर्म करावयाचे त्याचे शास्त्र आधी पाहावे. ट्रॉलीचेही शास्त्र असते. ठाण्याच्या आरटीओ कचेरीत मी अनेक फेऱ्या घातल्या आणि तेथील एका सज्जन निरीक्षकाकडून ते शिष्यासारखे समजावून घेतले. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरहून वेगळी लागते. मागे दिवे, लाल परावर्तक आणि क्रमांक लागतो. शेतीव्यतिरिक्त ओझे न्यायचे तर तशी परवानगी घ्यावी लागते. ट्रॉलीत माणसे बसवायची नाहीत. वजन आसाच्या किंचित पुढे ठेवायचे, म्हणजे दांडा ट्रॅक्टरवर दबून राहतो. हे सर्व घेऊन मी इनासकडे गेलो.

"ब्रेक?" मी विचारले.

"मास्तर, ब्रेक ट्रॅक्टरला असतो. ट्रॉलीनं फक्त मागं यायचं. बायको नवऱ्याच्या मागं येते तशी."

"तुझी येते काय रे?" जनूने विचारले.

"माझी पुढं असते. म्हणून तर ब्रेक मला आहे."

दोघेही मनसोक्त हसले. मी हसलो नाही. लॉरीचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो आणि ट्रॅक्टरकडे तशी हवा नसते. म्हणजे इनासने लॉरीची चाके ठेवली होती आणि त्यांना आवरणारी शक्ती काढून टाकली होती. उतारावर भरलेली ट्रॉली मागे राहत नाही. ती ट्रॅक्टरला ढकलते, आडवी होते आणि दोघांना खड्ड्यात नेते. हे मी त्याला चार वेळा चार प्रकारांनी सांगितले. पाचव्या वेळी त्याने, बहुधा माझा आवाज थांबावा म्हणून, दांड्यातच असा ब्रेक बसवला की ट्रॉली पुढे ढकलू लागली की दांडा आत सरकतो आणि तिची चाके धरली जातात. दांड्याची पीन निसटलीच तर म्हणून एक जाड साखळीही मी मागून घेतली. "मास्तर, ही साखळी म्हणजे तुमच्या मुंजीतलं जानवं," इनास म्हणाला. "काम काय करते ते कोणी विचारायचं नाही." तो ख्रिस्ती असला तरी गावात वाढलेला, आम्हांला कोठे टोचावे हे त्याला नीट ठाऊक आहे.

निघण्याच्या सकाळी मी एकेक वस्तू विचारून घेतली.

"दिवे?"

"हायेत."

"साखळी?"

"हाय."

"आरसा?" ट्रॅक्टरला मागचे दाखवणारा आरसा असलाच पाहिजे, हे निरीक्षकांनी मला दोनदा बजावले होते.

"हाय ना, गुरुजी! आरशाबिगर पासिंग झालं आसतं काय?" जनू म्हणाला आणि मी समाधानाने वळलो. वळायला नको होते.

इतक्यात तुळसाबाई घोंगडी घेऊन ट्रॉलीत चढून बसलेल्या दिसल्या. ट्रॉलीत माणसे बसवणे निषिद्ध आहे, हे मी त्यांना विनवून सांगितले. त्या म्हणाल्या, "मी मानूस कुठं, मी देवाची चाकर." अखेर इनासच्या जुन्या जीपमध्ये मागचे आसन त्यांना दिले. पुढे इनास आणि मी. जीपने लाल निशाण लावून ट्रॉलीच्या मागून चालायचे, असे ठरले.

वाडा

रिकामी ट्रॉली भरलेलीपेक्षा अधिक आवाज करते, एवढेच जाण्याच्या दिवसाविषयी सांगण्यासारखे आहे.

पाथरवट गोविंदराव यांनी नंदी मोठ्या निगुतीने घडवला होता. बसका, भरल्या वशिंडाचा, मान किंचित उजवीकडे झुकवलेला, जणू कोणी कानाशी येणार आहे हे त्याला आधीच कळले असावे. तुळसाबाई त्याच्याजवळ गेल्या. पण कानाशी लागल्या नाहीत. "आता नाय. घरी गेल्यावर," असे त्यालाच म्हणाल्या.

जेवणाला गोविंदरावांच्या घरी तेथला प्रसिद्ध कोलम तांदूळ होता. झाकण निघाले तसा ओसरीवर वास पसरला. आमच्याकडे भात वाढताना मूद पाडतात, वर वरण, वर तूप. तेथे आधी नुसता भात वाढतात आणि पाहुण्याने तो तसाच एक घास खाऊन मान डोलावल्याशिवाय वरण येत नाही. आम्ही तिघांनी माना डोलावल्या. तुळसाबाईंनी आपल्या फडक्यातली नाचणीची भाकरी सोडली. घरच्या बाईंचा चेहरा उतरला. "आमचा भात चालत नाय का आजीला?" मी व्रताची हकीकत सांगितली. तेव्हा त्या बाईंनी भाताचे पातेले उचलले आणि तुळसाबाईंच्या पुढ्यात नेऊन ठेवले. "खाऊ नका. वास तरी घ्या." तुळसाबाईंनी डोळे मिटून वास घेतला आणि भाकरी मोडली. बाईंनी निघताना एक पुरचुंडीभर तांदूळ त्यांच्या ओटीत घातला.

दुसऱ्या दिवशी नंदी चढवायचा होता. ट्रॉलीच्या तळाशी मऊ बैठक असावी म्हणून भुईगावहून केळीच्या खोडाची ओली साल, म्हणजे सोपट, अंथरून आणले होते. गोविंदरावांची माणसे, तिपाई आणि साखळीची कप्पी सारे सज्ज होते. मी आसाच्या थोडे पुढे खडूने रेघ ओढली आणि नंदीचे तोंड ट्रॅक्टरकडे असावे, असे सांगितले.

"म्हनजे माझी पाठ देवाच्या तोंडाकडं?" जनूने स्टिअरिंगवरचे हात काढले. "नाय जमनार, गुरुजी. वसईपत्तूर देवाला पाठ दाखवत जाऊ?"

"बरोबर बोलतो," तुळसाबाई म्हणाल्या.

मी समजावू लागलो. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत शास्त्राच्या दृष्टीने ती केवळ शिला असते; तिला पाठ, पोट, मान, अपमान काही नाही.

"तुमच्या शास्त्रात दगूड असंल," तुळसाबाई म्हणाल्या. "माझ्या डोळ्यात आताच बैल हाय."

 मी वजनाचे बोललो, दांड्याचे बोललो, निरीक्षकांचे नाव काढले. इनास म्हणाला, "मास्तर, आमच्या सणाला संताची मूर्ती खांद्यावर घेऊन फिरवतात तेव्हा तोंड पुढंच असतं. पण तेव्हा पुढं चालणारे उलटे चालत नाहीत हेही खरं." हा आधार कोणाच्या बाजूचा, हे त्याचे त्यालाही ठरवता आले नाही. शेवटी नंदी पार मागच्या फळीशी, तोंड मागे करून बसवला गेला. वाटेतल्या लोकांना फुले वाहायला सोपे जाईल, असे एक नवे कारणही निघाले. माझी खडूची रेघ पुढे तशीच रिकामी राहिली.

वज्रेश्वरी

त्यामुळे पुढचा प्रवास नंदी आणि मी एकमेकांकडे पाहत केला. जीपच्या काचेपलीकडे, अगदी समोर, तो माझ्याकडे त्या झुकल्या मानेने पाहत होता. ट्रॅक्टर खड्ड्यात गेला की दांडा वर उडे, मागची फळी खाली बसे आणि नंदी मला नमस्कार केल्यासारखा वाके.

"बघा मास्तर, किती मान देतो तुम्हांला!" इनास म्हणाला.

"तो मान देत नाही, इनास. तो मागे कलतो आहे."

अंबाडी नाक्यावर एका वाहतूक हवालदाराने हात केला. मला मनापासून आनंद झाला. नोंदणी, परवानगी, पासिंग, परवाना अशी सारी कागदपत्रे मी क्रमवार लावून, पिवळ्या कापडात बांधून आणली होती. मी खाली उतरून ती पुढे केली. हवालदाराने टोपी काढली, कापडाला हात लावून तो कपाळाला नेला आणि नंदीला फूल वाहून आम्हांला जाऊ दिले. त्याला ती पोथी वाटली असावी. इतका आदर माझ्या परवानगीला नको होता. कोणी ती वाचावी, एवढीच इच्छा होती.

वज्रेश्वरीला मुक्काम झाला. सकाळी उन्हेऱ्यावर, म्हणजे गरम पाण्याच्या कुंडावर, स्नान केले. तेथे गंधकाचा वास असलेल्या पाण्यात लोक निवांत बसून राहतात आणि उठा म्हटले तर वाईट मानतात. जनू असाच बसून राहिला. उद्या त्रयोदशी, हे मी त्याला काठावरून सांगत होतो.

"गुरुजी, या की पान्यात. तुमचं डोकं पन थंड होईल."

माझे डोके थंडच होते. फक्त ते चालत होते, एवढेच.

उसगावपुढची चढण

उसगाव सोडून पारोळकडे येताना रस्ता एका टेकडीवर चढतो. मोठा घाट नव्हे, एस.टी.तल्या झोपलेल्या माणसाला कळणारही नाही. ट्रॅक्टर निम्म्यावर आला आणि नंदी मला अखेरचा, फार खोल नमस्कार करू लागला. मागची फळी बसली, पुढचा दांडा उचलला गेला आणि त्याने ट्रॅक्टरची मागची चाके जमिनीवरून जवळजवळ उपसली. चाके जागच्या जागी फिरू लागली. जनू ओरडला. ट्रॉली मागे, म्हणजे आमच्याकडे, सरकू लागली. इनासने जीप मागे घेतली. दांड्याची पीन वाकून निसटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मग साखळी ताणली गेली आणि ट्रॉली तिच्यावर लटकून थांबली. साखळीने धरून ठेवलेले ते क्षण पुरेसे होते. इनासने धावत जाऊन चाकांमागे धोंडे लावले.

 तुळसाबाई जीपमधून उतरून नंदीपर्यंत गेल्या. त्याचे कान हातांनी चाचपले, दोन्ही शाबूत होते. मग त्या रस्त्याच्या कडेला बसल्या.

"मास्तर," इनास साखळीकडे पाहत म्हणाला, "जानव्यानं काम केलं."

मी खडू काढला आणि रेघ पुन्हा ओढली. "आता नंदी येथे येईल आणि तोंड पुढे असेल. आज संध्याकाळपर्यंत भुईगावला पोचायचे असेल, तर दुसरा मार्ग नाही."

"पन पाठ..." जनूने सुरुवात केली.

माझा संयम त्या चढणीवर संपला. "अरे, तो कोण आहे?" मी म्हणालो. "बैल आहे ना? कोणत्या बैलाला वाटेकडे पाठ करून गाडीला जुंपलेला तू पाहिलास? आपण त्याला उलटा बसवला, तेव्हा त्याने गाडी उलटी ओढली. त्याचे काय चुकले?"

जनू तुळसाबाईंकडे पाहू लागला. त्यांनी शांतपणे विचारले, "ते खरं, गुरुजी. बैलाचं तोंड वाटंकडंच. पन मानसाची पाठ त्याच्याकडं, त्याला तोड काय? तोड सांगा, मी ऐकते."

ह्या प्रश्नाचे उत्तर मला त्याच क्षणी सुचले आणि आधी का सुचले नाही ह्याचा राग आला. ज्या मूर्तीवर पाणी घालता येत नाही, तिच्यासमोर आरसा धरून तिच्या प्रतिबिंबावर अभिषेक करतात. तो अभिषेक मूर्तीलाच पोचतो. बिंबाला जे, तेच प्रतिबिंबाला.

"ट्रॅक्टरला आरसा आहे," मी म्हणालो. "जनूची नजर आरशात, आरशात नंदीचे मुख. पाठ कोठे राहिली? तो घरापर्यंत दर्शन घेतच गाडी चालवील."

तुळसाबाईंचा चेहरा उजळला. "मग झालं! जनू, कुठाय आरसा?"

मी ट्रॅक्टरकडे पाहिले. जेथे आरसा असावा तेथे दोन रिकामी भोके होती.

"हाय ना," जनू म्हणाला आणि आसनाखालच्या पेटीतून, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला आरसा काढला. "पासिंगला लावलेला. मग काढून ठेवला. फांद्या लागून फुटतो ना, गुरुजी."

"म्हणजे मागचे काही न पाहता तू वाड्याला जाऊन आलास?"

"मागं तुमी होताच की बघायला."

मी काही बोलण्यापूर्वी तुळसाबाईंनी ते काम हाती घेतले. "मेल्या, देवाला पेटीत घालून फिरतोस? लाव आधी!" निरीक्षकांनी दोनदा आणि मी अगणित वेळा सांगून जे झाले नव्हते, ते आत्याच्या एका 'मेल्या'ने झाले. आरसा लागला.

टेकडीच्या पायथ्याच्या पाड्यावरची दहा-बारा माणसे पहारी घेऊन आली. ट्रॉलीचा दांडा जॅकवर टेकवला. ओले सोपट नंदीच्या वजनाने चेपून लोण्यासारखे बुळबुळीत झाले होते. पहारींच्या टोकांवर नंदी त्या सोपटावरून गोल फिरला आणि हळूहळू माझ्या रेघेवर येऊन बसला, जणू त्याला तेथेच यायचे होते. इनासने जीपमधून काढलेल्या नव्या पिनीने दांडा जोडला. तो आता ट्रॅक्टरवर दाबून बसला होता. जनूने आसनावर बसून आरसा नीट केला, एकदम दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "दिसला!"

चढण चढली. पलीकडच्या उतारावर ट्रॉलीने पुढे ढकलून पाहिले, दांडा आत सरकला आणि चाके धरली गेली. इनासने माझ्याकडे पाहिले नाही. पण तो खोकला. मला आता नंदीची फक्त शेपटी दिसत होती. मी तिच्याकडे पाहत संध्याकाळी भुईगावला पोचलो.

पुन्हा भुईगाव

त्रयोदशीच्या सकाळी नंदी बसला. मंत्र संपले, तसे मी तुळसाबाईंना पुढे बोलावले. त्या त्याच्या उजव्या कानाशी लागल्या आणि इतका वेळ बोलत राहिल्या की मागच्या बायकांची कुजबूज सुरू झाली. इतक्या वर्षांचे साचलेले होते. कोणी त्यांना उठवले नाही.

बाहेर आलो आणि कपाळाला हात लावला. गावातल्या सुवासिनींनी ट्रॅक्टरची पूजा केली होती. चाकांना हळद, दिव्यांना कुंकू आणि ज्यात देव दिसला त्या आरशावर हळदीकुंकवाचा असा जाड लेप की त्यात आता सूर्यही दिसला नसता. वर झेंडूची माळ. जनू त्याच ट्रॅक्टरने जूचंद्रला परतणार होता.

"पूस तो," मी म्हणालो.

"गुरुजी, पूजेचं कुंकू पुसू?"

"पूस!"

आत पंगत बसली होती. तुळसाबाईंच्या पानावर वाड्याच्या त्या पुरचुंडीतल्या तांदळाची वाफाळती मूद होती. मी स्वतः वर तूप घातले. त्यांनी पानाभोवती पाणी फिरवले, घास उचलला आणि तो अर्ध्यात धरून दाराकडे पाहिले.

"जनू कुठाय?"

"आरसा पुसतो आहे. तुम्ही जेवा, भात निवतो आहे."

"नीट पुसला काय त्यानं?"

मी दाराशी गेलो. जनू फडक्याने कुंकू एका कडेकडून दुसऱ्या कडेला सारवीत होता. "नाही," मी म्हणालो.

तुळसाबाईंनी घास परत पानावर ठेवला. "मग पुसू द्या. येवढी वरसं थांबले, आरशापायी आनखी थोडी थांबते." आणि बाहेर हाक मारली, "पान्यानं पूस, मेल्या!"

मी तांब्या उचलला आणि आरशावर पाणी घालायला बाहेर गेलो.